शेवटच्या झाडाचं पाणी

नववीच्या गणिताला अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण असतात आणि ते कसे वाटले जातात हे कुणापासून लपलेलं नाही. कार्डशीट, स्केचपेन, वर ठळक नाव, झाला प्रकल्प. यंदा मी, विज्ञानाच्या मॅडम आणि मराठीचे सर अशा तिघांनी मिळून वर्गाला एकच काम दिलं. आमची शाळा रावेर तालुक्यातली, मागे केळीची बाग. त्या बागेला पाणी पुरतं का ते शोधा आणि बागवाल्या दादांना पत्राने कळवा.

हिशेब पोरांनी वर्गातच उरकला. पाच बाय पाच फुटांवर लागवड, म्हणजे एकरी 1742 झाडं. झाडाला तासाला चार लिटर पाणी थेंबथेंब सोडणारे दोन ड्रीपर, ठिबक रोज दोन तास. झाडामागे 16 लिटर, एकराला 27,872. दोन गटांनी तर वह्या मिटल्यासुद्धा.

दादा हसले. "सर, कागदावर पानी पुरते, पन त्या शेवटच्या झाडाले इचारा."

मग ड्रीपरखाली मोजपात्र धरून पाच-पाच मिनिटं मोजणं सुरू झालं. पाच मिनिटांत 333 मिली पडायला हवं. मोटरीजवळ 330 पडलं. बांधाकडे सरकावं तसा आकडा उतरत गेला, टोकाला 210. म्हणजे त्या झाडाला जेमतेम 10 लिटर. एका पोरीने सगळ्या नोंदींचा मध्य, म्हणजे सरासरी, काढला, तो बरा आला. मागून कुणीतरी म्हणालं, "मध्य पिऊन झाड जगतं का?"

दादांनी लॅटरलचं, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या नळीचं, टोक उघडलं तर आधी गढूळ पाणी आलं. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरी खापरी धरलेली. बोअरचं पाणी जड, त्यातल्या क्षारांचा तो थर. मॅडमनी ती खरवडून प्रयोगशाळेत नेली, वर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, फसफसून बुडबुडे आले. आम्ल-आम्लारीचा धडा पोरांना पुन्हा शिकवायची गरज उरली नाही.

गुणांवरून कुरबूर झालीच. "आमचं उत्तर तर बरोबर होतं," वह्या मिटणारे म्हणाले. बरोबर होतंच, म्हणून हिशेबाचे गुण दिले. मोजणीचे नाही दिले.

पत्रात पोरांनी लाईन आम्लाने धुवायला सुचवलं आणि 'आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नको' याखाली लाल रेघ मारली. मराठीच्या सरांनी मात्र 'आपला विश्वासू' राहिलं म्हणून एक गुण कापला. त्यावरून स्टाफरूममध्ये आमचं वाजलं ते वेगळंच.