बिल फाडलं सेन्सरवर

माझं गॅरेज साताऱ्यात, जुन्या एमआयडीसीत. काम बहुतेक दुचाकीचं, अधूनमधून जनरेटर नाहीतर शेतावरचे डिझेल पंप. वडील महाराष्ट्र स्कूटर्सला होते, साताऱ्यात 'प्रिया' स्कूटर बनायची त्या काळात. त्यामुळं पाना धरायला मला कुणी शिकवलं नाही, ते घरातच होतं. पण पाण्यावर पळणाऱ्या इंजिनाला हात लावायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर एक रिसॉर्ट आहे. नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत. त्यांच्याकडं दोन जेट स्की, म्हणजे पाण्यावर पळणाऱ्या स्कूटरच. (जेट स्की हे खरं तर कावासाकीचं ब्रँडनाव. पण आपण कुठल्याही कॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसंच हे.) त्यातली एक तापायला लागली. मालवणहून माणूस बोलवायचा तर दोन दिवस मोडणार, आणि मे महिन्यातला शनिवार-रविवार म्हणजे त्यांचा सुगीचा काळ. मॅनेजरनं मला फोन केला. पाच-सात मिनिटं फुल चालवली की बझर वाजतो, मग मशिन आपोआप गळपटतं, कितीही रेस दिली तरी पळत नाही. काठावर आणून बागेचा पाईप लावला तर मात्र बाजूच्या भोकातून पाण्याची धार मस्त पडते आणि इंजिन गार.

मी फोनवरच निदान केलं. "धार पडतीय म्हणजे पाणी फिरतंय. पाणी फिरतंय म्हणजे इंजिन तापत नाही. तापमान मोजणारा सेन्सर खोटं बोलतोय, बदला." त्यांनी मुंबईहून सेन्सर मागवला. साडेचार हजार. बसवला. शनिवारी पहिल्याच गिऱ्हाइकाला मधे पाण्यात बझर.

रविवारी पहाटे मी निघालो. यवतेश्वरचा घाट, मग कास. रस्त्याकडेला करवंदांच्या टोपल्या घेऊन बाया बसल्या होत्या, पण मी थांबलो नाही. डोक्यात आदल्या रात्री वाचलेलं मॅन्युअल घोळत होतं. मॅनेजरनं फोटो काढून पाठवलं होतं, पान 1 पासून.

त्यात एक गोष्ट वाचून मला माझीच लाज वाटली. मोटारीत पाणी बंदिस्त फिरतं. रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंप, पुन्हा रेडिएटर. सी-डू या दुसऱ्या कंपनीच्या मशिनमध्येही कूलंट असाच बंदिस्त फिरतो आणि मशिनच्या तळाची धातूची पट्टी, राईड प्लेट, तीच रेडिएटरचं काम करते. पण यांच्याकडं होती ती उघड्या पद्धतीची. तिला रेडिएटर नाही आणि इंजिनाला स्वतःचा वॉटर पंपही नाही. खालून पाणी ओढून मागं जोरात फेकणाऱ्या ज्या जेट पंपावर मशिन पुढं पळतं, त्याच पंपातलं थोडं पाणी एका पाईपनं इंजिनाकडं वळवलेलं असतं. ते सायलेन्सरच्या आणि सिलिंडरच्या भोवतीनं फिरतं आणि परत तळ्यात जातं. म्हणजे जेट पंप हेच काळीज आणि तेच फुप्फुस.

पोचलो तेव्हा पाणी पार खाली गेलेलं. मे महिन्यात शिवसागर उघडा पडतो. एरवी जेटी असते तिथून शंभर पावलं चिखल तुडवत खाली जावं लागलं. मशिन ट्रेलरवर होतं. किल्ली आणि मनगटाला बांधायची दोरी आधी माझ्या खिशात घातली आणि मग खाली वाकलो. पंपाच्या तोंडाशी धातूची जाळी असते, तिच्यातून टॉर्च मारला तर इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पंख्याच्या, दांड्याला नायलॉनचा दोरा गुंडाळलेला. मासे धरायच्या जाळ्याचा. अर्धा तास ब्लेडनं कापून कापून काढला. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मीही मनात बिल लिहून मोकळा झालो.

पाईप लावून इंजिन चालू केलं. इथं एक रीत आहे, ती चुकली तर इंजिन जातं. आधी इंजिन चालू करायचं, मग नळ. बंद करताना उलटं, आधी नळ आणि मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी एक्झॉस्टमधून मागं सरकत सिलिंडरात शिरतं. आणि पाण्याशिवाय कोरडं चालवायचं तर सेकंदांत, मिनिटांत नाही, कारण एक्झॉस्टचे रबरी जोड त्या पाण्यावरच गार राहतात. धार पडली, मोठी, सुंदर. मला काय ठाऊक की ही धार मला दुसऱ्यांदा फसवतीय.

पाण्यात उतरवली, मी स्वतः बसलो. सोबतीला लाँच घेऊन तिथले जुने नावाडी मामा. सुरुवातीला मशिन असं पळालं की मी मोठ्यानं हसलो. आठ मिनिटं झाली, नऊ झाली. दहाव्याला बझर. त्याबरोबर जळक्या रबराचा वास. मी लगेच बंद केली आणि हात वर केला.

मामा लाँच शेजारी आणून म्हणाले, "काय वो पावणं, हसत गेलासा आन् आता?"

आता ओढून न्यायची. मॅन्युअलमधलं एक वाक्य तेवढ्यात आठवलं, नाहीतर त्या दिवशी इंजिनच गेलं असतं. बंद मशिन जोरात ओढलं तर पुढं जाण्याच्या रेट्यानं पाणी त्याच कूलिंगच्या पाईपमधून इंजिनात चढतं. म्हणून ओढायचं तर तो पाईप दाबून बंद करायचा, आणि वेगही ताशी 8 किलोमीटरच्या आत. मामांना म्हटलं, "बैलगाडीच्या चालीनं न्या." सीट काढून लाँचवर ठेवली. मशिन डुलतंय, वरून ऊन, आत हात घालतोय. पंपाकडून येणारा पाईप सापडला. त्यावर फडकं गुंडाळलं आणि वाइस ग्रिप, म्हणजे लॉक होणारी पक्कड, आवळली.

आवळताना बोटं पाईपवरून पुढं सरकत गेली आणि पुढच्या जोडाला अडकली. टी आकाराचा जोड. त्याच्या एका फाट्याला पितळी तोंड, जिथं बागेचा पाईप लावतात तेच.

मी तसाच बसून राहिलो. मामा ओरडले, "झालं का?"

नळाचं पाणी या जोडातून आत जातं. म्हणजे ते थेट इंजिनाच्या बाजूनंच सुरू होतं. जोडाच्या मागचा भाग, पंपापासून इथपर्यंतचा, नळाच्या पाण्यानं कधी तपासलाच जात नाही. गावात टाकीपासून चौकापर्यंतची लाइन तुंबलेली असावी आणि आपण चौकात टँकर जोडून म्हणावं की बघा, सगळ्या घरात पाणी येतंय! आठवडाभर मी हेच करत होतो. धार खरी होती. ती भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होती.

पाईप तिथंच उघडावासा वाटला, पण पाण्यात असताना तो उघडायचा नाही, मशिनच्या पोटात पाणी शिरतं. काठावर ट्रेलरवर घेतली आणि मग पंपाकडच्या पाईपचं टोक सोडवलं. तोंडाला लावून फुंकलं. गाल फुगले, कान बंद झाले, पण हवा जाईना. जोर लावला तेव्हा फुस्स करून थोडी गेली आणि माझ्या जिभेवर माती आली.

पंपाच्या खालच्या अंगाला, पाणी या पाईपकडं वळतं तिथं एक छोटी जाळी असते. ती काढली. जाळी कसली, विटेचा तुकडाच. बारीक तांबूस गाळ घट्ट बसलेला, त्यात शेवाळाचे केस अडकलेले. दोरा काढल्यामुळं पंपाला जोर आला होता, म्हणून तर दहा मिनिटं निघाली. पण जाळीच्या चार-दोन भोकांतून येणारं पाणी हळू चालवताना पुरायचं आणि फुल केलं की तुटायचं.

मी मॅनेजरला विचारलं, "पोरं चालवतात कुठं?" तो मामांकडं बघायला लागला. मामांनी हात लांब केला. काठापासून थोडं आत, जिथं पाणी गढूळ दिसत होतं. "तिथं गुडघाभर बी पाणी न्हाई. बांध हायत खाली. आमच्या आज्याची भातखाचरं. धरण भरलं तवा गेली ती." कोयना धरण 1964 साली पुरं झालं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते बांध वर डोकावतात, आणि पोरांना तिथंच वळसे घेऊन पाणी उडवायला मजा वाटते, कारण काठावर फोटो काढणारे असतात. पंप म्हणजे उलटा लावलेला व्हॅक्युम क्लीनर. खाली निदान दोन-तीन फूट पाणी नसलं तर तो तळ ओढून घेतो.

मामांनी माझ्या हातातला तो गाळ घेतला, बोटांनी चुरला. "चांगली माती हाय," म्हणाले आणि हात धुतला.

जाळी ब्रशनं घासली, पाईप दोन्ही बाजूंनी फुंकून बघितला, जळका वास आला होता म्हणून एक्झॉस्टचे रबरी जोड एकेक करून दाबून बघितले. एक कडक झाला होता, तो लिहून दिला. मग पुन्हा पाण्यात. या वेळी नळ जोडलेला नव्हता आणि तरी बाजूच्या भोकातून करंगळीएवढी धार सुटली होती. पंचवीस मिनिटं फिरवली. मामा लाँचवर विडी ओढत बसले होते, शेवटी तेच कंटाळून म्हणाले, आता या.

बिलातून सेन्सरचे साडेचार हजार मी वजा केले. मॅनेजर नको म्हणत होता, पण फार वेळ म्हणाला नाही. काढलेला जुना सेन्सर मात्र मागून घेतला. रात्री घरी चहाच्या पातेल्यात पाणी तापवलं, सेन्सर दोऱ्यानं टांगून बुडवला आणि मल्टीमीटर लावला. पाणी तापेल तसे रेझिस्टन्सचे आकडे, यायला हवेत तसेच, एकसारखे खाली येत गेले, कुठं उडी नाही, कुठं अडखळणं नाही. त्याला काहीही झालेलं नव्हतं. ते पातेलं बायकोनं गॅरेजला देऊन टाकलं.