आमची वाटचाल: वाळल्या मक्याचं दुकान

मका सगळेच विकतात. नीट वाळलेला मका विकणारे नागपुरात किती, ते ज्यानं त्यानं पाहावं. आमचं शेत सावनेर तालुक्यात, दुकान इतवारीत. दाणा उचकटून बुडाशी काळा ठिपका, म्हणजे दाणा पिकल्याची खूण, दिसल्याशिवाय आम्ही कणीस तोडत नाही. मग सालं मागं ओढून जुड्या पडवीत टांगायच्या. सोलणं हातानंच. बाबांची लोखंडी सोलणी, म्हणजे आतून चार दातांची नळी, अजून चालते. कणीस घालून पिळलं की दाणे सुटतात, चिरत नाहीत. चिरलेल्या दाण्यात सोंडे आधी शिरतात.

सुरुवातीला भागीदार होता. नाव घेत नाही, गल्लीला ठाऊक आहे. हिशेबाला पक्का, पण वाळवणाचा त्याला कंटाळा. 18 टक्के ओलाव्याचा मका 12 टक्क्यांवर आणला की क्विंटलमागे जवळपास 7 किलो वजन उन्हात जातं. त्याला ते 7 किलो सोडवेनात. वेगळा झाला, आणि आमच्यासारख्याच पिवळ्या पिशवीत ‘गावरान मका’ स्वस्तात विकू लागला. गिऱ्हाईक तिकडे पळालं. पावसाळ्यात त्या पिशव्यांत हिरवट बुरशी निघाली, जिचं विष शिजवूनही जात नाही. बोंब झाली ती पिवळ्या पिशवीची! आमची पोती तशीच पडून. शेवटी कोंबडीखाद्यवाल्याला मातीमोल भावात द्यावी लागली.

तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या एक काकू तेवढ्या येत राहिल्या. काचेच्या बरणीत कोरडं मीठ नि मूठभर दाणे घालून खळखळ हलवायच्या. मीठ काचेला चिकटलं नाही, म्हणजे दाणा कोरडा, की म्हणायच्या, “जमलं गा, पाच किलो दे.” निम्म्याचं पीठ, निम्म्याच्या कण्या, ताकात शिजवायला. शेजारणींना बरणी त्यांनीच दाखवली, म्हणून दुकान टिकलं. पुढची वर्षं बरी गेली.

घरी साठवत असाल तर पीठ एकदम दळून ठेवू नका. मक्याच्या अंकुरात तेल असतं, पीठ लवकर कडवट होतं. लाह्यांचा मका आपल्या मे महिन्यात फार सुकतो, फुटत नाही. बरणीत चमचाभर पाणी टाका, झाकण घट्ट लावा, रोज हलवा, आठवड्यानं भाजा. बाजूला गोड मका असेल तर त्या वावरातलं बियाणं धरू नका, वाऱ्यानं पराग येतो. आणि भागीदारी करायचीच असेल तर स्टँप पेपरवर करा.

भागीदार आता दुसऱ्या धंद्यात आहे म्हणे. आमच्या दोन ताडपत्र्या अजून त्याच्याकडेच आहेत.