घडणे, करणे, करवून घेणे

सोमवार, रात्री सव्वाअकरा

श्रावणातला दुसरा सोमवार. खिचडी जरा जास्तच झाली, डोळे मिटताहेत. तरी आजचं आजच लिहून ठेवते, उद्यापर्यंत मावशीचे शब्द असेच्या असे आठवणार नाहीत.

एका त्रैमासिकासाठी धर्म आणि लिंगभाव या विषयावरच्या परदेशी नियतकालिकांच्या नव्या अंकांचा परिचय लिहायचं कबूल करून बसले आहे. आठशे शब्द, पंधरा तारखेपर्यंत. हाताशी तीन अंक आहेत, म्हणजे खरं तर तीन अनुक्रमणिका आणि सहा-सात लेख. बाकीचं कुलपात. एकेका लेखाला तीस-चाळीस डॉलर मागतात. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईने त्याचे रुपये करून बघूच नयेत. २०२५च्या जानेवारीपासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना सुरू झाली: तीस प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. पण ती सरकारी संस्थांसाठी, आणि आमचं कॉलेज पडलं खासगी. त्यामुळे विद्यापीठात पीएचडी करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी जयकर ग्रंथालयात बसून जेवढं वाचते आणि मला सांगते, तेवढंच माझं अद्ययावत ज्ञान. मोबदला चहा आणि वडापाव.

अंक वाचताना एक जाणवलं. ‘जर्नल ऑफ फेमिनिस्ट स्टडीज इन रिलिजन’ १९८५मध्ये ज्युडिथ प्लास्को आणि एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेन्झा यांनी सुरू केलं. एक ज्यू, एक कॅथलिक. दोघी आपापल्या धर्मात राहून त्याच्याशीच भांडणाऱ्या. पुढे मानववंशशास्त्रज्ञ सबा महमूद यांनी कैरोच्या मशिदींत धर्मशिक्षण घेणाऱ्या बायकांवर लिहिताना भांडणाचा रोखच बदलला. बाईने विरोध केला तरच तिची ‘एजन्सी’, म्हणजे स्वतः ठरवून काही करण्याची ताकद, दिसते का, असं त्यांनी विचारलं. धर्म मनापासून पाळणारी बाईही स्वतःला घडवतच असते, हा त्यांचा मुद्दा. तेव्हापासून त्यांचं नाव आल्याशिवाय या विषयावरचा लेख पुरा होत नाही, सत्यनारायणाच्या पोथीत साधुवाणी यावा तसं.

मी अडले ती नेमकी त्या ‘एजन्सी’वर. मराठीत काय लिहू? ‘कर्तृत्व’ म्हटलं की आठ मार्चची शाल आणि नारळ डोळ्यांपुढे येतो. ‘कर्तेपण’ त्यातल्या त्यात बरं, पण त्यात घरातला कर्ता पुरुष दडून बसलेला. बाईसुद्धा एकत्र कुटुंबाची कर्ता होऊ शकते, हे दिल्ली उच्च न्यायालयाला २०१५च्या डिसेंबरात सांगावं लागलं. आणि ‘एजन्सी’ तशीच ठेवली तर वाचणाऱ्याला आधी गॅसचा सिलिंडर आठवेल.

दुपारी मावशी आली, हडपसरहून बसने. पंढरपूरचे चुरमुरे आणि बुक्का घेऊन. यंदाची तिची सतरावी वारी. मी म्हटलं, “मावशी, या वयात कशी गं करतेस?”

“मी कुठं करते? माउली करवून घेते. घडली बाई यंदाही.”

मग एक तासभर वारीच्या गोष्टी. दिंडीच्या भिशीचे, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाणाच्या वर्गणीचे, पैसे तिने दिवाळीपासून साठवलेले. मुलगा म्हणाला, गुडघे दुखतात, यंदा राहू दे. तर म्हणे, “मी त्याला म्हटलं, गुडघे माझे आहेत.” वाल्ह्याला बायकांचा तंबू टँकरपासून लांब टाकला होता. ही थेट दिंडीप्रमुखांसमोर उभी राहिली आणि तंबू हलवायला लावला. हे सगळं कसं सरळ ‘मी’पासून सुरू होणारं: मी म्हटलं, मी ठणकावलं, मी गेले. वारीचा विषय निघाला की मात्र पुन्हा ‘घडली’. दर्शन घडलं, स्नान घडलं, उपवास घडला. मुलाशी आणि दिंडीप्रमुखांशी बोलणारी ‘मी’ विठोबापुढे क्रियापदातून बाजूला होते, आणि हे ती अगदी सहज करते.

मला एकदम घाम फुटला. एम.फिल.साठी मी पंधरा वारकरी बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. प्रबंध इंग्रजीत. त्यांच्या प्रत्येक ‘घडली’चं मी ‘आय डिड’ करून टाकलं होतं. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो, म्हणून मी तो पुरवला, आणि पुढे चाळीस पानं त्याच कर्त्यावर सिद्धान्त रचला. मार्गदर्शकांनी काही म्हटलं नाही, परीक्षकांनीही नाही.

मावशीला म्हणून मोठी बंडखोर ठरवायचं, तर तेही जमत नाही. पहिल्या वारीत वाटेत तिची पाळी आली. कुणाला न सांगता चालत राहिली. “सोयराबाईने सांगून ठेवलंय की,” म्हणाली. विटाळ देहातच उपजतो, मग विटाळावेगळा देह दाखवा कुठे आहे, हा संत चोखामेळ्यांची बायको आणि स्वतः संत असलेल्या सोयराबाईचा सवाल तिला अभंगासकट पाठ आहे. आणि तरी घरी सून त्या चार दिवसांत देवघराकडे फिरकत नाही, ते मावशीच्याच धाकाने. विचारलं तर म्हणाली, “वाट वेगळी, घर वेगळं.” मी वर्गात शबरीमला शिकवते. पाळीच्या वयातल्या बायकांनाही ते मंदिर खुलं करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २८ सप्टेंबर २०१८चा निकाल, चार विरुद्ध एक, आणि विरोधी मत देणाऱ्या इंदू मल्होत्रा या पीठातल्या एकट्या महिला न्यायमूर्ती. दरवर्षी इथवर आले की वर्गात गलका होतो. मावशीला एकदा त्या वर्गात नेऊन बसवायला हवं.

निघताना तिने टेबलावरचे कागद बघितले. “एवढं लिहितेस, पैसे किती देतात?”

“काही नाही.”

“मग सेवाच घडते म्हणायची.”

आता परिचयात आठशेतले दोनशे शब्द ‘घडणे’वर खर्च करणार आहे. संपादक म्हणतील, अंकांचा परिचय कुठे आहे? म्हणू देत. पण त्याआधी त्या मुलाखतींच्या मराठी टिपणवह्या पाहायला हव्यात. बायका खरंच काय म्हणाल्या होत्या, ते तिथे शाईत असेल. वह्या माळ्यावर आहेत, रद्दीच्या गठ्ठ्यामागे. सकाळी शेजारच्या काकूंकडून शिडी मागून आणते.