कढीपत्त्यावरचे भाडेकरू

होळीआधीच अजिंक्यताऱ्याकडून गरम वारा सुटला आणि आमच्या परसातल्या कढीपत्त्याला कोवळी पालवी फुटली. सासूबाई फोडणीसाठी डहाळी तोडायला गेल्या नि ओरडल्या, "अगं, पाखरांनी घाण केलीय सगळी!" घाण कसली, लिंबाळी फुलपाखराची अळी! लहान असताना ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पाखरं फसतात. मोठी झाली की हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं काढते, उग्र वासही सोडते. आता फवारणी बंद. तीन फांद्या अळ्यांच्या, बाकी आमटीच्या, असा तह झालाय. जास्वंदीवर शिंजीर पक्ष्याची मादी कोळ्याची जाळी आणून घरटं विणतेय, म्हणजे जाळी न झाडायलाही मला आयतं कारण! पाखरांसाठी ठेवलेली पाण्याची ताटली मात्र रोज बदलते, नाहीतर डास.