"संपला म्हणजे? कोणी संपवला?"

आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, मी आपल्याकडच्या पर्यटकांना शहर दाखवते. त्या दिवशी मुंबईहून आलेला बावीस जणांचा ग्रुप होता. जून महिना, तरी वारा असा की सगळ्यांनी कानटोप्या घट्ट ओढलेल्या. त्यात लालबागचे एक काका होते, मुलगा-सुनेबरोबर आलेले. १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत साच्यावर होते.

संसदेच्या काळसर दगडी इमारतीसमोर माझं नेहमीचं सांगून झालं, बाकीचे फोटो काढायला लागले, तसे काका जवळ आले. "पोरी, इकडं लाल बावटा होता का गं कधी?"

"होता ना काका. १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्ष निघाला, १९३८ मध्ये संपला. आठच वर्षं."

"संपला म्हणजे? कोणी संपवला?"

इतकी वर्षं हे काम करतेय, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्यांना इमारतीच्या मागे नेलं. तिथे आता गाड्या उभ्या असतात. पूर्वी तिथे गुत्तो नावाचं सभागृह होतं. नाव ऐकून मागून आलेली मंडळी हसली, पण ती वास्तू दारूबंदीवाल्यांची, आणि नगरपालिकेच्या सभाही तिथेच भरत. ९ नोव्हेंबर १९३२ ला तिथे बेकारांच्या सरकारी कामावरची मजुरी कापण्याचा विषय होता. मंदीचे दिवस, हिवाळा तोंडावर. मजूर आत घुसले. खुर्च्या-टेबलं मोडून त्यांच्या पायांचे सोटे झाले, आणि शहरातले बहुतेक पोलीस जखमी झाले. कम्युनिस्ट त्यात पुढे होते.

"आणि पक्ष?" काकांनी धागा सोडला नव्हता.

मग मी नीट सांगितलं. सोशल डेमोक्रॅट पक्षातून फुटून हे लोक बाहेर पडले. अध्यक्ष ब्रिन्योल्फुर ब्यार्नासॉन, आणि बरोबर एइनार ओल्गेइरसॉन. १९३१ च्या निवडणुकीत तीन टक्के मतं, खासदार एकही नाही. १९३७ मध्ये साडेआठ टक्के आणि ४९ पैकी ३ जागा. म्हणजे पक्ष वाढत होता. आणि वाढत असतानाच, पुढच्या वर्षी, त्यांनी तो स्वतः विसर्जित केला. ह्येदिन वाल्दिमार्सॉन हा सोशल डेमोक्रॅटांचा डावा पुढारी आपली माणसं घेऊन आला आणि दोघांनी मिळून नवा समाजवादी पक्ष काढला. ह्येदिन फार टिकला नाही. १९३९ मध्ये रशियाने फिनलंडवर हल्ला केला, पक्ष त्याचा निषेध करेना, तेव्हा तो बाहेर पडला. मला त्याचं बरोबरच वाटतं. पण ऑक्टोबर १९४२ मध्ये याच नव्या पक्षाला साडेअठरा टक्के मतं मिळाली, जुन्या सोशल डेमोक्रॅटांपेक्षा जास्त. १९४४ मध्ये ब्रिन्योल्फुर देशाचा शिक्षणमंत्री झाला.

काका दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून ऐकत होते. हात मागे बांधलेले, नजर खालच्या डांबरावर. मुलाने दोनदा हाक मारली, बस उभी होती.

"म्हणजे कोणी संपवला नाही," ते म्हणाले.

"नाही काका. मी चुकीचं सांगत होते."

बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ते पुन्हा वळले.

"आणि ती मजुरी? कापली का शेवटी?"

"नाही कापली. कपात मागे घ्यावी लागली."

"बरं झालं," म्हणाले, आणि आत जाऊन खिडकीशी बसले.