तुम्ही विचारलंत म्हणून: मेळाव्याला दोन दिवस काय काय ठेवायचं?

आमच्या कॉलेजच्या बॅचचा मेळावा चांगला झाला हे पसरल्यापासून ओळखीतलं, ओळखीच्या ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करतं. प्रश्न ठरलेला: ‘शनिवार-रविवार हाताशी आहे, साठ-सत्तर जण येतील, नाशिकमध्ये काय काय ठेवू?’ विचारणाऱ्याची यादीही बहुतेक तयार असते. त्र्यंबकेश्वर, पंचवटी, पांडवलेणी, एखादी वाईनरी, रात्री डीजे. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते.

स्थळांची यादी बाजूला ठेवा. आधी वर्गाची नावं काढा. कॉलेजच्या ऑफिसात प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज दिला आणि आम्हाला जुन्या रजिस्टरमधून रोल नंबरसकट सगळी नावं मिळाली. ती समोर घेऊन बसा आणि ‘हा काही यायचा नाही’, ‘ही कुठली येतेय’ असं ज्यांच्याबद्दल वाटेल, त्यांच्या नावापुढे खूण करा. मेळावा त्यांच्यासाठी आखायचा. जे हौशी आहेत ते कुठेही येतील, रिकाम्या मैदानावर बोलावलंत तरी येतील. पण ज्याची नोकरी गेलीय, जिची घरून परवानगीची अडचण आहे, जो कॉलेजात तीन वर्षं शेवटच्या बाकावर बसला आणि ज्याचा आवाजही आपण ऐकला नाही, ते दोन दिवसांत काय असणार आहे हे पाहूनच यायचं की नाही ते ठरवतात.

मुलींना शोधणं हे तर वेगळंच काम आहे. आडनावं बदललेली, कित्येकींची लग्नात नावंही बदललेली. फेसबुकवर शोधून त्या सापडत नाहीत. माहेर सापडलं की मुलगी सापडते. आमच्या एकीच्या भावाचं सिन्नरला किराणा दुकान होतं, एवढंच कुणाला तरी आठवत होतं. तिथे जाऊन मी तिचा नंबर मागितला नाही, माझा चिठ्ठीवर लिहून ठेवून आले. रात्री स्वयंपाक आवरल्यावर फोन आला. पहिलं वाक्य होतं, ‘अगं, दादा म्हणाला कॉलेजातली कुणीतरी आली होती, माझं जुनं नाव घेत होती.’ हे फोन बायकांनीच करावेत. वर्गमित्राचा फोन आला तर कित्येक घरांत आजही पुढचे चार दिवस खुलासे द्यावे लागतात.

म्हणूनच मुख्य कार्यक्रम शनिवारी सकाळी दहा ते पाच एवढ्यातच बसवा, तोही कॉलेजातच. सिन्नर, पिंपळगाव, दिंडोरीकडच्या मैत्रिणी एसटीने दिवेलागणीला घरी पोचल्या पाहिजेत. रात्रीच्या मुक्कामाचं सगळं रंगतदार ठरवलंत तर अर्ध्या मुलींचा मेळावा सुरू व्हायच्या आधीच संपतो. ज्यांना राहायचंय पण रिसॉर्टवर नको, त्यांची सोय गावातल्या मैत्रिणींच्या घरी करा. आमच्याकडे त्या घरांतल्या गप्पाच सगळ्यांत उशिरापर्यंत चालल्या.

तारखेचं मी जरा जास्तच धरून बसते. दुसरा किंवा चौथा शनिवार घ्या, बँकवाल्यांना सुटी असते. ऑक्टोबर छाटणीपासून पुढे निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागाईतदार बागेला बांधलेले असतात आणि जानेवारी ते मार्च तर खुडा, म्हणजे द्राक्षांची काढणी. त्यांना कुठलीच तारीख सोयीची नाही, त्यामुळे त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. तो पुढे सांगते. पावसाळ्यात नाशिक सुंदर दिसतं हे खरं, पण श्रावणातल्या सोमवारांना जोडून आलेला शनिवार-रविवार घेऊ नका, त्र्यंबक रस्ता गर्दीने भरलेला असतो. आणि 2027च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. तेव्हा खोल्या आणि गाड्या मिळतील या भरवशावर कुणी राहू नका. मला विचाराल तर डिसेंबरच. मुंबईकर शुक्रवारी संध्याकाळी पंचवटी एक्सप्रेसने निघून रात्री नाशिकरोडला उतरतात, पुणेकर संगमनेर-सिन्नरवरून गाडीने येतात. शुक्रवारी रात्री स्टेशनवर दोन गाड्या उभ्या ठेवा, एवढं पुरतं.

वर्गणीचं नीट ठरवा, कारण न येण्याचं सर्वांत मोठं आणि कधीही न बोललं जाणारं कारण तेच असतं. ‘प्रत्येकी अमुक हजार’ असं ग्रुपवर टाकलंत की काही जण त्याच क्षणी गप्प होतात आणि आठवड्याने ‘त्या दिवशी नेमकं लग्न आहे’ असं कळवतात. एक खजिनदार नेमा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा. खर्चाचा अंदाज सांगा आणि ज्याने त्याने जमेल ते खजिनदाराला पाठवावं असं ठरवा. यूपीआयचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायला सक्त मनाई. कुणी किती दिले हे त्या एका माणसाखेरीज कुणालाही कळता कामा नये, आयोजकांनाही नाही. परदेशातले आणि ज्यांचं बरं चाललंय ते आपणहून जास्त पाठवतात, कमी पडत नाही. आमच्याकडे तर उरले. ते आम्ही कॉलेजातल्या ‘कमवा आणि शिका’मधल्या मुलांच्या पुस्तकांसाठी दिले, कारण आमच्यातलेही काही जण त्याच योजनेत काम करून शिकले होते.

आता शनिवार. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, मनोगतं यांतलं काहीही ठेवू नका. सगळ्यांना जुन्या वर्गात, जुन्या बाकांवर बसवा आणि हजेरी घ्या. आमची हजेरी आम्हाला तेव्हा मराठी शिकवणाऱ्या मॅडमनी घेतली. रोल नंबर, मग पूर्ण नाव, रजिस्टरमध्ये होतं तसंच. मुलींची माहेरची नावं. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण स्वतः हायस्कूलची मुख्याध्यापिका आहे, रोज शेकडो पोरांना वठणीवर आणते. तिचं नाव वडिलांच्या नावासह पुकारलं गेलं तेव्हा तिला ‘हजर’ म्हणताच आलं नाही, तिने नुसता हात वर केला. जे गेले त्यांचीही नावं मॅडमनी घेतली. आधीच ठरवलं होतं की अशा नावाला, त्याच्या शेजारी बसणाऱ्याने उभं राहून एकदोन वाक्यं बोलायची. कुणी सांगितलं, ‘मॅडम, तो माझ्या सायकलवर डबलसीट यायचा.’ कुणी फक्त गावाचं नाव सांगितलं आणि खाली बसलं. दीड तास लागला. एकानेही फोन काढला नाही.

ओळखपरेड नको. ‘नाव, हुद्दा, मुलं काय करतात’ या तीन प्रश्नांना वर्गातले कितीतरी जण घाबरून असतात. कुणाला मूल नाही, कुणाचं घर मोडलंय, कुणी तीन वर्षं आजारी नवऱ्याची सेवा करतेय. त्याऐवजी आम्ही प्रत्येकाला एकच विचारलं: मधल्या सुटीत डबा कुणाबरोबर खायचात? याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं, आणि उत्तर देणारा आपसूक वर्गात इकडेतिकडे पाहत त्या माणसाला शोधायला लागतो. एकाने सांगितलं की तो डबा आणायचाच नाही, पण वर्गातला एक जण रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या आणायचा आणि ‘आईने जास्त दिल्या’ म्हणायचा. तो भाकरीवाला समोरच बसला होता. इतक्या वर्षांत या दोघांचं त्यावर बोलणं झालेलं नव्हतं.

आणि शेलापागोटे तर अजिबात नको. हा विषय निघाला की माझा आवाज चढतो. गॅदरिंगच्या फिशपाँडमध्ये रंगावरून, उंचीवरून, बोलण्याच्या लकबीवरून दिलेली टोपणनावं काही जणांनी आयुष्यभर वागवलीत. ‘जुनी मजा पुन्हा करू’ म्हणून ती नावं माइकवरून परत घेणं म्हणजे त्या माणसाला परत पाठवणं. आमच्या वर्गातला एक जण याच भीतीने नकार देत होता. शेलापागोटे नाहीत, माइकच नाही, असं सांगितल्यावर आला.

सरांचा सत्कार करायचा तो करा, पण त्यांना शिकवायलाही लावा. शाल-श्रीफळ दोन मिनिटांत आटोपतं आणि मग सर खुर्चीवर अवघडून बसून राहतात. आम्ही इतिहासाच्या सरांना वीस मिनिटांचा तास घ्यायची विनंती केली. ते नाशिकच्या लेण्यांतल्या गौतमी बलश्रीच्या शिलालेखावर बोलले, फळ्यावर सातवाहनांची वंशावळ काढली आणि मध्येच एकाला प्रश्नही विचारला. सरांना घरून आणायला-सोडायला त्यांना ओळखत असलेला विद्यार्थीच पाठवा. त्यांच्या जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा घरच्यांकडून लिहून घ्या, आणि वर्ग तळमजल्यावरचाच मागा.

दुपारच्या जेवणानंतर गावात चालत फिरणं ठेवा. बाहेरचा गाइड आणायचा नाही. सरकारवाड्यापासून निघून होळकर पुलावरून गोदावरी ओलांडायची, रामकुंड, मग काळाराम. रस्त्यात जो जिथे वाढला तिथलं त्याने सांगायचं. काळारामाच्या पूर्व महाद्वाराशी आम्ही थांबलो तेव्हा बोलायला पुढे झाला तो शेवटच्या बाकावरचा आमचा मित्र. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. दादासाहेब गायकवाड त्याचे स्थानिक नेते. आमच्या या मित्राचे आजोबा या दारासमोर बसलेल्यांत होते. आजोबा कुठून चालत आले, दगड कसे आले, घरी परतल्यावर आजीने काय विचारलं, सगळं त्याने सांगितलं. आम्ही तीन वर्षं याच गावात त्याच्याबरोबर शिकलो आणि यातलं अक्षरही आम्हाला माहीत नव्हतं. त्याला हे सांगणार का असं मी महिनाभर आधी विचारलं होतं. आयत्या वेळी कुणालाही असं पुढे ढकलू नका.

संध्याकाळी ज्यांना राहायचंय ते राहतील. गंगापूर रस्त्याला, त्र्यंबक रस्त्याला जागा भरपूर आहेत. वाईनरीत जायची ज्यांना हौस आहे त्यांनी या वेळात जाऊन यावं, ती सगळ्यांच्या कार्यक्रमात घातली की वर्गाचे दोन गट पडतात. रात्री गाणी म्हणा, पण स्पीकरशिवाय. थंडी असते, एखादी शेकोटी पेटवा.

रविवार घरच्यांसह ठेवा, शनिवार मात्र फक्त वर्गाचा. रविवारी आम्ही त्र्यंबकेश्वर घेतलं नाही. सुटीच्या दिवशी दर्शनाच्या रांगेत अर्धा दिवस जातो, ज्यांना जायचंय ते सोमवारी आपापले जातात. पांडवलेणीही इच्छा असून सोडली, कारण त्या पायऱ्या आता निम्म्या गुडघ्यांना झेपत नाहीत. आम्ही पहाटे निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं हे पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं. वाट सपाट, निरीक्षणाचे मनोरे, आणि थंडीत पाण्यावर बदकांचे थवेच्या थवे. दोन-तीन दुर्बिणी हातोहात फिरल्या. शाली, कानटोप्या न्या, निफाडची थंडी राज्यात गाजलेली आहे.

जवळच आमच्या द्राक्षवाल्या मित्राची बाग. त्याने पहिल्याच फोनला सांगितलं होतं, ‘ढगाळ हवा झाली तर मला फवारणीला थांबावं लागेल, माझं धरू नका.’ तो येऊ शकत नव्हता, म्हणून आम्ही गेलो. शनिवारी तो खरोखरच आला नाही, रविवारी सगळा वर्ग त्याच्या मळ्यात होता. छाटणीपासून घड हाती येईपर्यंत चार-साडेचार महिने कसे जातात, डावणी आणि भुरी हे वेलीचे रोग म्हणजे काय, मणी लांबावेत म्हणून घड औषधात एकेक करून कसे बुडवतात, हे त्याने वेलीखाली उभं राहून दाखवलं. मुंबईच्या एका मुलीने मणी तोडून तोंडात टाकला आणि तिचे डोळे मिटले, डिसेंबरात ते हिरवे आणि कडक आंबट असतात. जेवायला बाजरीची भाकरी, शेवेची भाजी, ठेचा. वाढायला त्याची आई आणि आमच्यातलेच चार जण. कॉलेजात हा मित्र शेतकऱ्याचा मुलगा म्हणून जरा बाजूला बाजूलाच असायचा. त्या दुपारी बँकेतले, आयटीतले, अमेरिकेतले सगळे त्याला प्रश्न विचारत होते आणि तो उत्तरं देत होता.

तीनपर्यंत सगळ्यांना नाशिकरोडला आणून सोडा, परतीच्या गाड्या चुकायला नकोत. तुमच्या बॅचमध्ये बागवाला नसेल, पण पैठणी विणणारा येवल्याचा कुणी असेल, लासलगावच्या कांदा मार्केटचा कुणी असेल, भद्रकालीत वडिलांचं दुकान चालवणारा असेल. यादीतल्या खुणा केलेल्या नावांमध्येच बघा, तुमचा रविवार तिथे सापडेल.

आणि मेळाव्यानंतरच्या आठवड्यात एक काम राहतं. जे आले नाहीत त्यांना ग्रुपवर फोटो टाकून भागत नाही, फोन करावा लागतो. ती नावं चौघांत वाटून घ्या. काय काय झालं ते सांगा, हजेरीत तुझं नाव पुकारलं होतं हे सांगा, आणि कुणी तुझी चौकशी केली त्यांची नावं सांगा. ती चौकशी शनिवारीच एका वहीत लिहून ठेवायला कुणाला तरी बसवा, नंतर आठवत नाही.