अक्रोडाचा स्टॉक: थंबहोल १०/२२ वरून उतरला, सीझेडवर चढला

रायफलीच्या लाकडी दस्त्याच्या, म्हणजे स्टॉकच्या, कामात मागच्या नोंदीत ब्लँक (कच्चा ठोकळा) निवडण्यापर्यंत आलो होतो. आता आकार कापून झालाय, इनलेटिंग (रायफल बसायला आतली खोबण कोरणं) आणि बेडिंग (तिथे ती इपॉक्सीने पक्की टेकवणं) झालंय आणि तेलाचे हात चालू आहेत. पण या टप्प्यात सगळ्यात जास्त वेळ पटाशीने नाही, कायद्यांच्या वाचनाने खाल्ला. हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या रायफली अमेरिकेतल्या एकाच राज्यात राहत नाहीत, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही. हे एका हौशी माणसाने स्वतःच्या कामापुरतं वाचलेलं आहे.

मूळ बेत असा होता: पेनसिल्व्हेनियातल्या एका सॉमिलवरून आणलेलं काळ्या अक्रोडाचं ब्लँक, त्यातून थंबहोल स्टॉक (मुठीमागे अंगठा जायला आरपार भोक असलेला) आणि त्यात आपली नेहमीची रुगर १०/२२, पॉइंट ट्वेंटीटूची सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी). मूठ उभी राहते, मनगट पिळत नाही, बेंचवर तासभर बसलं तरी खांदा तक्रार करत नाही. रायफल राहणार न्यू जर्सीत एडिसनला, माझ्या घरी. उन्हाळ्यात ती न्यू यॉर्क राज्यात, ऑल्बनीजवळ मेहुण्याच्या क्लबच्या रेंजवर जाणार आणि अधूनमधून पेनसिल्व्हेनियात. तीन राज्यं, एकच लाकूड. बँडसॉ लावण्याआधी तिघांच्या याद्या शेजारी शेजारी मांडल्या आणि बेत तिथेच बदलला.

या सगळ्या याद्यांचं मूळ १९९४ च्या फेडरल बंदीत आहे. डिटॅचेबल मॅगझिन (काढता येणारी गोळ्यांची पेटी) घेणारी सेमी-ऑटो रायफल आणि तिच्यावर घडीचा किंवा सरकता स्टॉक, ठळकपणे खाली उतरलेली पिस्तूल ग्रिप, बेयोनेट माउंट, फ्लॅश सप्रेसर (नळीच्या तोंडाची ज्वाला दाबणारा) किंवा तो बसवायचे आटे, ग्रेनेड लाँचर यांपैकी दोन गोष्टी असल्या की ती ‘असॉल्ट वेपन’. ही बंदी २००४ मध्ये संपली, पण राज्यांनी तो साचा ठेवला आणि ज्याने त्याने आपापल्या मापाने कापला.

न्यू जर्सीत ॲटर्नी जनरलची १९९६ ची मार्गदर्शक यादी अजून त्या दोनच्या हिशोबाने चालते. यादीत थंबहोल हा शब्द नाही. तरीही ‘हे भोक म्हणजे पिस्तूल ग्रिपच’ असं कुणी म्हटलं तर भांडायची माझी तयारी नाही, म्हणून मी ते एक धरून चाललो. माझ्या बॅरलच्या तोंडाला सप्रेसरचे आटे नाहीत आणि स्टॉक सरकत नाही, म्हणजे एकावरच थांबलो. घरात चालेल.

न्यू यॉर्कमध्ये २०१३ च्या सेफ ॲक्टने दोनाचं एक केलं आणि यादीत थंबहोल स्टॉक नाव घेऊन घातला. वर ही यादी सेंटरफायरपुरती (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसतो ती) नाही, रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसतो ती) पॉइंट ट्वेंटीटूलाही लागते. म्हणजे डबे आणि कागद फोडणारी माझी १०/२२ त्या लाकडात बसली की राज्याची हद्द ओलांडताच असॉल्ट वेपन आणि ती बाळगणं फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. मॅगझिन कारखान्याचंच दहाचं असलं तरी काही फरक पडत नाही. पेनसिल्व्हेनियात राज्याचा असा कायदाच नाही.

गंमत कॅलिफोर्नियाची. सगळे ज्याच्या नावाने बोटं मोडतात त्या राज्यात ही वैशिष्ट्यांची यादी फक्त सेंटरफायर रायफलींना लागू आहे. तिथे एकच वैशिष्ट्य पुरतं, थंबहोलही यादीत आहे, पण रिमफायर १०/२२ तिच्या बाहेर. सॅन होजेच्या एका मित्राने विचारलं होतं की त्याच्या नऊ एमएमच्या कार्बाइनला घडीचा स्टॉक लावू का. नऊ एमएम सेंटरफायर, मॅगझिन निघणारं, त्यामुळे नाही. तोच स्टॉक त्याच्या १०/२२ ला लावला तर यादीची आडकाठी नाही. कार्बाइनच्या बाबतीत लांबीचाही एक खोडा आहे. फेडरल कायद्यात रायफल २६ इंचांपेक्षा आखूड असून चालत नाही आणि ते माप स्टॉक उघडून घेतात. कॅलिफोर्नियात सेंटरफायर सेमी-ऑटोला ३० इंच लागतात आणि तिथे स्टॉक मिटून मोजतात. एकाच रायफलीला दोन टेप.

मेरीलँडवाल्यांसाठी जाता जाता: तुमच्या यादीत तीनच गोष्टी आहेत, घडीचा स्टॉक, ग्रेनेड किंवा फ्लेअर लाँचर आणि फ्लॅश सप्रेसर. त्यांतल्या दोन लागतात, तेही सेंटरफायरला. सरकता स्टॉक त्यात नाही. किमान २९ इंच लांबीची अट मात्र वेगळी आहे, ती विसरू नका.

मग थंबहोल सोडायचा का? तर नाही, रायफल बदलायची. न्यू यॉर्कचा कायदा हाताने बोल्ट ओढायच्या रायफलींना या व्याख्येतून वगळतो. कपाटात सीझेड ४५७ होतीच, बोल्ट ॲक्शन. तिला थंबहोल लावला तर तिन्ही राज्यांत कुणाची हरकत नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं. त्या प्रकारातल्या रायफलींना उभी मूठ असते, गालाची टेक वरखाली होते, बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) मागेपुढे सरकते. तरी त्या एका गोळीच्या बोल्ट ॲक्शन, म्हणून या यादीशी त्यांचा संबंध येत नाही. सेमी-ऑटोवर तेवढं सगळं लावलं तर न्यू यॉर्कचा कारकून बोटं मोजतच बसेल. या कायद्यांत किती गोळ्या किती अचूक लागतात याला किंमत नाही, लाकूड हाताच्या कोणत्या बाजूने वळलंय याला आहे. मला ते पटत नाही. पण माझं पटणं कुठल्याच यादीत नाही.

आता लाकूड. ब्लँकची ओल मीटरवर ८ टक्क्यांवर आल्यावरच हात लावला. थंबहोलमध्ये सगळ्यात नाजूक जागा स्टॉकच्या मनगटाची, म्हणजे मुठीजवळच्या बारीक भागाची, कारण भोकामुळे तिथे लाकूड कमी उरतं. म्हणून टेम्प्लेट ब्लँकवर फिरवत फिरवत मनगटातून लाकडाची शीर सरळ लांबीच्या दिशेने जाईल अशी जागा शोधली. त्यापायी बटाकडची सुंदर नक्षी थोडी कापली गेली. नक्षी बघून कापलेला आणि पहिल्याच आपटीत मनगटाला तडकलेला स्टॉक मी दुसऱ्याच्या हातात पाहिलाय.

इनलेटिंगला बाजारचा काळा लेप न वापरता काजळ वापरलं. ॲक्शनच्या (रायफलीच्या धातूच्या यंत्रणेच्या) तळाला काजळाचं पातळ बोट फिरवायचं, बसवायची, उचलायची, काळं लागलं तेवढंच खरवडायचं. कंटाळवाणं आहे आणि घाई केली की खड्डा पडतो. दोन्ही स्क्रूंखाली ॲल्युमिनियमचे पिलर (आधाराची नळकांडी) बसवले, मग स्टीलची भुकटी असलेलं इपॉक्सी. ॲक्शनला आधी बुटाचं रंगहीन पॉलिश दोनदा चोळलं, नाहीतर रायफल आणि लाकूड यांचा कायमचा संसार होतो. बॅरल पूर्ण मोकळी आहे, खालून कागदाची पट्टी रिसीव्हरपर्यंत सहज जाते.

स्टॉकची लांबी १३½ इंच ठेवली. माझी मुलगीही ही रायफल वापरणार, म्हणून ती कमीजास्त करता यायला हवी होती. बटण दाबून सरकणारी यंत्रणा मुद्दाम टाळली. बट पॅडखाली रबरी स्पेसर, दोन लांब स्क्रू, हातात स्क्रूड्रायव्हर. बोल्ट ॲक्शनला सरकता स्टॉकही चालला असता, पण हा पॅड आणि स्पेसर उद्या मला १०/२२ वरही लावता यायला हवेत. न्यू जर्सीतले एआर-१५ रायफलवाले सरकता स्टॉक पिन मारून एका लांबीवर कायमचा बसवतात, तेही याच हिशोबातून.

१०/२२ ला आता साधा स्पोर्टर स्टॉक होणार आहे, त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून. मूठ मागे निवांत उतरलेली, भोक नाही. कारखान्याचा बॅरल बँड (नळी स्टॉकला आवळणारी पट्टी) काढून टाकलाय.

प्रवासाबद्दल एक गोष्ट सारखी विचारली जाते. १९८६ च्या फेडरल कायद्यात मधल्या राज्यातून रायफल नेण्याचं संरक्षण आहे: रिकामी, हाताला न लागणारी, गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत. पण निघायच्या आणि पोचायच्या दोन्ही ठिकाणी ती कायदेशीर हवी. न्यू जर्सीहून न्यू यॉर्क ओलांडून व्हरमाँटला जाणाऱ्याला ते संरक्षण आहे. ऑल्बनीला उतरून रेंजवर बसणाऱ्याला नाही, कारण तिथे न्यू यॉर्क हेच पोचायचं ठिकाण.

आणि भारतातून नुकत्याच आलेल्यांसाठी: एच-१बी वर असाल तर स्टॉकचा प्रश्न नंतरचा, आधी बंदूक बाळगण्याचाच आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर फेडरल कायदा ते मना करतो. एखाद्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स हा त्यातला नेहमी वापरला जाणारा अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राची रायफल ‘जरा धरून बघतो’ म्हणण्याआधी हे वाचून ठेवा.

सध्या जवसाच्या उकळलेल्या तेलाचे हात चालू आहेत. ६०० ग्रिटच्या पेपरने तेलातच घासतोय, त्या चिखलानेच छिद्रं भरतात. तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात कोंबू नका, आपोआप पेटतात. मी त्या अंगणात तारेवर पसरून वाळवतो. पुढचं काम चेकरिंग (पकडीसाठी कोरलेली आडव्यातिडव्या रेषांची जाळी), इंचाला २० रेषा. थंबहोलच्या आतल्या वळणावर ते हत्यार कसं फिरवायचं, हे कुणी केलं असेल तर सांगा, मला तिथे हाताला जागाच मिळत नाहीये.